तू नेली

बियाविस्तोकमधल्या आमच्या इमारतीच्या भिंती
पुठ्ठ्याच्या आहेत.
तिसऱ्या मजल्यावर कुणी शिंकलं
तर दुसऱ्यावर रुमाल निघतो.
म्हणून आधीच सांगतो, ते गाणं ऐकायला मी गेलो नव्हतो.
तेच आलं, छतातून, एका उन्हाळ्यात,
बसड्रायव्हर झेनोनच्या नव्या कॅसेटप्लेयरवरून.

तुझे ओठ म्हणजे जेली
लाल लाल चेरीची जेली
माझी झोप कुणी नेली
तू नेली, तू नेली

मागे ढोलाच्या नावाखाली बादली बडवणारं एक यंत्र
आणि लग्नात उष्टावलेला कीबोर्ड.
बस्स. एवढंच.
मी घड्याळं दुरुस्त करतो. हात स्थिर लागतो, डोकं रिकामं.
पण गोचीड कुत्र्याला विचारून चिकटते का?
लंबक जेली, काटा जेली,
गिऱ्हाइकाला पावती देताना मी पुटपुटलो, "तू नेली",
आणि तो बिचारा खिसे तपासू लागला.

वर त्याची बायको, बोगुमिवा,
शाळेत लॅटिन शिकवायची.
तिला चालीचा राग नव्हता. जेलीचाही नव्हता.
"नेलीस!" ती ओरडायची, "तू नेलीस!
एक स लावायला त्या गाढवाचं काय जात होतं?"
झेनोन मुद्दाम दार उघडं टाकून दाढी करायचा
आणि स शिवाय गायचा,
चौथ्या मजल्यापर्यंत.

मग एका रविवारी कॅसेट बाल्कनीतून खाली आली
आणि माझ्या जिरेनियमच्या कुंडीत पडली.
मी ती परत केली नाही.
फेकलीही नाही.
का, ते विचारू नका, खणात पडून होती,
मेलेल्या घड्याळांच्या शेजारी.

तीस वर्षं गेली. गाण्याचा गायक म्हणे आता टाइल्स विकतो.
गाणं मात्र निवृत्त झालं नाही,
भांडी घासताना येतं,
दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना येतं.

गेल्या मार्चात झेनोनच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली.
उजवा हात गेला, आणि शब्द गेले.
पाणी, मीठ, चष्मा, बायकोचं नाव,
सगळं कुणीतरी फळा पुसावा तसं.
तीन आठवडे वर इतकी शांतता होती
की मला माझ्याच घड्याळांचा त्रास व्हायला लागला.

मग बोगुमिवा जिना उतरून आली.
अंगात घरचा झगा, पायात दोन वेगळ्या चपला.
"ती द्या," म्हणाली.
कोणती, असं विचारायचं नाटक मी केलं नाही.
पेन्सिलीने फीत घट्ट करून दिली.
"डॉक्टर म्हणतात, बोलणं जातं, गाणं कधीकधी राहतं.
मी त्याला होरेस म्हणून दाखवला," ती म्हणाली,
"भजनं म्हटली, राष्ट्रगीत म्हटलं.
नुसता बघतो माझ्याकडे."
जिन्यात थांबून पुन्हा म्हणाली,
"हेच राहिलं असणार. मेल्याला ओळखते मी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला
बादली बडवली जाते.
आधी नुसता घोगरा हुंकार. मग एके दिवशी जे.
मग जेली.
त्या दिवशी समोरच्या वांदाबाईंनी केक केला,
कारण कुणाला सांगितलं नाही.

काल त्याने कॅसेटशिवाय सुरुवात केली.
तुझे ओठ म्हणजे, आलं.
चेरी अडखळली, पण आली.
माझी झोप कुणी नेली, हेही आलं, अगदी सुरात,
म्हणजे जितका त्याला कधी होता तितक्या.
मग: तू
तू
तू
आणि पुढे काही नाही.

भिंग डोळ्याला तसंच, चिमट्यात बाळकमानी,
मी खुर्चीवर चढलो, हीटरच्या पाइपला तोंड लावलं.
वांदाबाईंचा नळ बंद झाला.
चौथ्या मजल्यावरचं मूलसुद्धा रडायचं थांबलं असावं.
अर्धं सोडलेलं गाणं पूर्ण गाण्याहून वाईट चावतं,
आणि मी ओरडणारच होतो,

तेवढ्यात वरून तिचा आवाज आला.
गंजलेल्या बिजागरीसारखा, चाल पार चुकलेला,
पस्तीस वर्षं लॅटिन शिकवलेला आवाज:

नेली.

स न लावता.

मी खाली उतरलो.
बाळकमानी कुठेतरी उडाली होती,
अजून सापडलेली नाही.